शेवटची पन्नास पावले : कोकण किनाऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की कोकणात जाण्याचे बेत आखले जातात, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : घरातल्या ज्या माणसाला नीट चालता येत नाही, त्याला समुद्रावर कसे न्यायचे? आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे जागेअभावी आवरती घेतली आहेत.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजले असून ती वॉकर घेऊन घरात चालते, पण सलग ४०-५० पावलांनंतर तिला बसावेच लागते. तिचे बालपण दापोली तालुक्यात गेले. “एकदा पाण्यात पाय बुडवायचे आहेत,” असे ती दोन वर्षे म्हणत आहे. आम्ही कोणता किनारा निवडावा? – एक वाचक, पुणे

उत्तर : किनाऱ्याचे नाव ठरवण्याआधी गाडी जिथे थांबेल तिथपासून पाण्यापर्यंत काय काय आहे, ते समजून घ्यावे. कोकणातल्या बहुतेक पुळणींवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांवर, आधी सुरूचे बन किंवा माडांची वाडी लागते, मग कोरड्या भुसभुशीत वाळूचा पट्टा येतो, आणि त्यानंतर भरतीच्या पाण्याने नुकतीच सोडलेली ओली, घट्ट वाळू सुरू होते. आईंची खरी अडचण मधल्या पट्ट्याची आहे. कोरड्या वाळूत वॉकरचे रबरी पाय रुततात, प्रत्येक पावलाला तो उपसून पुढे ठेवावा लागतो, आणि घरात ५० पावले चालणारे माणूस इथे पंधरा पावलांत दमते. ओल्या वाळूवर मात्र तोच वॉकर जवळजवळ घरातल्या फरशीसारखा चालतो.

दापोली तालुक्यातच जायचे असेल, तर मुरूड, कर्दे आणि लाडघर हे तिन्ही किनारे पाण्याकडे हळूहळू उतरणारे आणि घट्ट वाळूचे आहेत. त्यांतही कर्दे मला सोयीचे वाटते, कारण तिथे रस्ता पुळणीच्या बराच जवळून जातो. मुरूडला बऱ्याच ठिकाणी वाड्यांमधल्या चिंचोळ्या वाटांनी पुळणीवर उतरावे लागते, त्यामुळे ज्या घरी उतरणार असाल त्यांच्याच वाडीतून थेट वाट आहे का, हे आधी विचारून घ्यावे. गणपतीपुळ्याला दर्शनासाठी अवश्य जावे, पण पाण्यात पाय बुडवण्यासाठी ती जागा निवडू नये. तिथला किनारा एकदम उतरतो आणि परतणारे पाणी धडधाकट माणसाच्याही पायाखालची वाळू ओढून नेते.

आता वेळेविषयी, कारण किनाऱ्याच्या निवडीपेक्षाही ती अधिक महत्त्वाची आहे. आमच्याकडचे जुने लोक दिनदर्शिकेतली तिथी पाहून भरती सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते : अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब अर्ध्यापाऊण तासाने मागेपुढे होतो, म्हणून नेमकी वेळ गावातल्या कोळ्यांना विचारावी किंवा भरतीच्या तक्त्यात पाहावी. पण पुण्यात बसून तारीख ठरवायला तो पुरेसा आहे.

पूर्ण ओहोटीच्या वेळी पाणी इतके दूर जाते की आईंना तेवढे अंतर झेपणार नाही, आणि पूर्ण भरतीला पाणी जवळ असले तरी मध्ये फक्त भुसभुशीत वाळूच उरते. त्यांच्यासाठी अर्धी ओहोटी उत्तम, म्हणजे भरतीनंतर सुमारे तीन तासांची वेळ. पाणी मागे हटत असते, त्यामुळे धास्ती नसते, आणि घट्ट वाळूचा पट्टा चालण्याजोगा, पण फार लांब नसलेला मिळतो. ही वेळ संध्याकाळी साडेचार-पाचच्या सुमारास साधायची असेल, तर द्वितीया किंवा तृतीया पाहावी. अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ टाळावी, कारण तेव्हा सूर्यास्ताला पाणी वर चढलेले असते.

कोरडा पट्टा ओलांडण्यासाठी लोक आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलतात. मीही माझ्या आत्याला एकदा तसेच नेले आणि अर्ध्या वाटेत खुर्चीचा मागचा पाय दुमडला. सुदैवाने वाळू मऊ होती आणि आत्या विनोदी होती. उचलायचेच असेल, तर हातांची लाकडी खुर्ची घ्यावी. त्याहून बरे म्हणजे यजमानांकडे माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे मागावीत. लग्नाच्या मांडवासाठी म्हणा किंवा पावसाळ्यात पडवीला आडोसा म्हणून म्हणा, ती बहुतेक घरी असतात. चार-पाच झापे कोरड्या वाळूवर एकापुढे एक अंथरली, की वॉकर रुतत नाही आणि मागची झापे उचलून पुढे टाकत जाता येते. पाण्याच्या कडेला खुर्ची ठेवताना तिच्या चारही पायांखाली एक फळी घालावी, नाहीतर दोन लाटांत ती एका बाजूला कलते.

परतताना हर्णैला गाडीतूनच सुवर्णदुर्ग दाखवता येईल. संध्याकाळी तिथे मासळीचा लिलाव चालतो. त्या गर्दीत आणि चिखलात वॉकर नेऊ नये, कडेला गाडी लावून पाहावे. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला त्या लहानपणी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून गेल्या असतील, आता वर देवळापर्यंत गाडीरस्ता आहे. ही बातमी आधी सांगू नये, वर गेल्यावरच कळू द्यावी.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला इजा झाल्यापासून मी व्हीलचेअर वापरतो. खुर्ची स्वतः चालवतो, गाडीत स्वतः बसतो. रत्नागिरी परिसरात तीन दिवस राहायचे आहे. फोन केला की प्रत्येक लॉजवाला “रॅम्प आहे” म्हणतो, पण पूर्वीचा अनुभव वाईट आहे. नेमके काय विचारावे आणि काय पाहावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : “रॅम्प आहे का?” हा प्रश्न विचारूच नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. एका लॉजवर अशाच आश्वासनावर विसंबून मी एका मित्राला घेऊन गेलो होतो. रॅम्प होता, पण तो मालकाची स्कूटर वर चढवण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार होता. मध्ये चाकाएवढी पन्हळ, उंची दोन फूट आणि लांबी जेमतेम सहा फूट. चौघांनी मिळून मित्राला वर चढवले, आणि मग कळले की न्हाणीघराचे दार खुर्चीपेक्षा अरुंद आहे. त्या रात्री त्याने पाणी प्यायचे टाळले, ही गोष्ट मला आजही बोचते.

त्याऐवजी मोजमाप मागावे. गाडी उभी राहते तिथपासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीची उंची किती इंच? खोलीच्या आणि न्हाणीघराच्या दाराची मोकळी रुंदी किती? नेहमीच्या खुर्चीची रुंदी २५-२६ इंच असते आणि आपल्याकडे न्हाणीघराचे दार पुष्कळदा २४ इंचांचेच बसवलेले असते. सारा प्रवास त्या दोन इंचांत अडतो. कमोडच्या शेजारी खुर्ची लावायला एका बाजूला मोकळी जागा आहे का, दार आत उघडते की बाहेर, आणि न्हाणीघराला उंबरा किती आहे, हेही विचारावे. दारावर टेप धरून काढलेला फोटो मागवावा. फोटो पाठवायला जो कंटाळा करतो, त्याच्याकडे उतरू नये. तो पुढेही मदतीला येणार नाही. एवढे करूनही घडीची कमोड-खुर्ची गाडीत असू द्यावी, कारण किनाऱ्यालगतच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांना बहुतेक ठिकाणी दोन-तीन पायऱ्या असतात.

आंबा घाटातून उतरताना वळणांवर कमरेवरचा तोल राखणे कठीण जाते, म्हणून सीटच्या पट्ट्याखेरीज छातीला एक रुंद पट्टा बांधावा आणि ठरावीक अंतराने थांबून बैठकीवरचा भार हलका करावा. रत्नागिरीत पोहोचल्यावर पहिली संध्याकाळ आरे-वारेच्या रस्त्यासाठी ठेवावी. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा हा रस्ता डोंगराच्या अंगाने चढतो आणि एका वळणावर दोन्ही पुळणी एकदम पायाशी येतात. गाडीतून न उतरता इतका समुद्र कोकणात फार थोड्या ठिकाणी दिसतो. शहरात मांडवीच्या धक्क्यापाशी गाडी जाते आणि तिथल्या पक्क्या जमिनीवर खुर्ची चालवता येते. मांडवीच्या बाजूला स्थानिक लोक काळा समुद्र म्हणतात आणि रत्नदुर्गाच्या पलीकडच्या बाजूला पांढरा समुद्र. एकाच किल्ल्याच्या दोन अंगांना वाळूचे रंग वेगळे आहेत. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र एकत्र दिसतो. ज्यांच्या नावाने ही जागा ओळखली जाते, त्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजांना इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले होते आणि १९१६ साली त्यांचे निधन इथेच झाले. हा समुद्र त्यांनीही दुरूनच पाहिला.

वाळूवर उतरायचे असेल, तर पूल ओलांडून भाट्याला जावे. तुमच्यासाठी पूर्ण ओहोटीच चांगली, कारण घट्ट वाळू जितकी रुंद तितके तुम्हाला मोकळे फिरता येईल. त्रयोदशीपासून पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंतच्या दिवसांत ती वेळ दुपारी चार ते सहाच्या दरम्यान येते. उधाणाचे दिवस असल्याने त्या वेळी पाणीही नेहमीपेक्षा अधिक मागे जाते, मात्र सूर्य बुडाल्यावर ते तितक्याच जोमाने परतते. कोरडा पट्टा ओलांडताना खुर्ची पुढे ढकलू देऊ नये. पुढची लहान चाके नांगराच्या फाळासारखी वाळूत घुसतात आणि माणूस तोंडावर येतो. खुर्ची मागे कलवून, पुढची चाके उचलून, उलट्या दिशेने ओढत न्यावी. हवेची चाके असतील, तर थोडी हवा कमी केल्याने ती पसरतात आणि कमी रुततात. परत भरायला पंप जवळ ठेवावा. पाण्याच्या कडेला ब्रेक लावून स्थिर उभे राहू नये, कारण प्रत्येक परतणारी लाट चाकांखालची वाळू थोडी थोडी उकरते आणि खुर्ची नकळत खचते. दोन लाटांमध्ये जागा बदलत राहावे आणि मागे एक माणूस असावाच. हे तुमच्या स्वावलंबनाविरुद्ध नाही, लाटेविरुद्ध आहे.

आणखी एक. इजेच्या खालच्या भागाला घाम नीट येत नाही आणि चटकाही कळत नाही. मार्गशीर्षातली दुपारसुद्धा कोकणात दमट असते. तापलेली वाळू, गाडीच्या सीटचे लोखंडी बक्कल, खुर्चीचा दांडा यांनी पायाला भाजले तरी रात्री पाहेपर्यंत समजत नाही. पाय झाकलेले असावेत, ओला पंचा मानेवर असावा, आणि खोलीवर परतल्यावर चाके गोड्या पाण्याने धुऊन बेअरिंगला तेल द्यावे. खारी वाळू एका आठवड्यात पुढची चाके जाम करते.

प्रश्न : वडिलांची डावी बाजू अर्धांगवायूने अधू झाली आहे, आधार दिला तर पाच-सहा पायऱ्या चढतात. त्यांना सिंधुदुर्ग किंवा जंजिरा पाहण्याची फार इच्छा आहे. होडीत बसवणे शक्य आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जंजिऱ्याला होडीने नेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. राजपुरीहून निघालेली होडी किल्ल्याच्या दरवाज्याशी हेलकावत असते, त्याच वेळी दगडी पायरीवर पाऊल टाकावे लागते, आणि त्या क्षणी दोन्ही पायांवर व दोन्ही हातांवर भरवसा लागतो. मालवणच्या धक्क्यावर चढ-उतार तुलनेने सुसह्य असला, तरी सिंधुदुर्ग ज्यावर आहे त्या कुरटे बेटावर उतरल्यानंतर वाळू, खडक आणि दरवाज्यातून आत चढत जाणारी वाट आहेच. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला शत्रूला चटकन आत शिरता येऊ नये याच बेताने रचलेला आहे. सोलापूरहून आलेल्या पाहुण्यालाही तो तीच वागणूक देतो.

वडिलांना किल्ला पाहायचा आहे की होडीत बसायचे आहे, हे त्यांनाच विचारावे. किल्ला पाहायचा असेल, तर मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाचा तट अगदी समोर दिसतो. दुर्बीण घेऊन जावे. विजयदुर्ग जमिनीला जोडलेला असल्यामुळे गाडी दरवाज्याच्या बरीच जवळ जाते आणि आत न जाताही त्या तटाच्या पायथ्याशी उभे राहता येते. पाण्यावर जायचे असेल, तर फेरीबोटीला तोड नाही. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी या खाड्यांवर गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. बोटीची फळी धक्क्याच्या उतारावर टेकते, गाडी थेट आत जाते, आणि वडील आपल्या जागेवर बसून काच खाली करून खाडी पाहू शकतात. चढताना चालकाला सांगून गाडी कडेला, कठड्याजवळ लावून घ्यावी. मध्ये लागली तर शेजारच्या टेम्पोखेरीज काही दिसत नाही. दाभोळहून वाशिष्ठीची खाडी ओलांडायला काही मिनिटेच लागतात, म्हणून आमच्या ओळखीचे एक आजोबा गाडीसकट तीनदा इकडून तिकडे गेले होते. तिकीट काही फार नाही.

उतरताना डाव्या बाजूला आधार देणारा माणूस असावा आणि वडिलांनी उजवा हात दाराच्या मुठीवर ठेवावा. हरिहरेश्वराला गेलात तर दर्शन घ्यावे, प्रदक्षिणेची वाट धरू नये. ती उभ्या पायऱ्यांनी खडकांवर उतरते आणि भरतीच्या वेळी धडधाकट माणसांनाही धोक्याची असते. त्याऐवजी दिवेआगरहून शेखाडी, आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता घ्यावा. त्या वाटेवर समुद्र बराच वेळ खिडकीशेजारी असतो.

प्रश्न : गाडीच थेट वाळूवर नेली तर सगळे प्रश्न सुटत नाहीत का? अनेक जण नेतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : नेतात, आणि दर हंगामात त्यांतल्या काही गाड्या भरतीत अडकून ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात. आपल्या गाडीत झटकन बाहेर न पडू शकणारे माणूस असेल, तर हा धोका दुप्पट मानावा. वाळूवर वाहने नेण्यास मनाई असण्याचे दुसरे कारण कासवे आहे : हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि घरटे वरून ओळखू येत नाही. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाडी जाते, पण तिची पायरी उंच असते. चढवता येत असेल तरच विचार करावा.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचे जुने चिऱ्याचे घर आहे आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतो. गेल्या वर्षी व्हीलचेअरवरच्या एका ताईंना परत पाठवावे लागले, त्याचे वाईट वाटले. फार खर्च न करता काय बदलता येईल? – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : तुमच्यासारखे पत्र या सदराला क्वचित येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, सुगमतेची अपेक्षा दोघांकडूनही केली आहे. पण तुम्ही कायद्याच्या आधी त्या ताईंमुळे विचार करू लागलात.

दोन्ही खोल्यांना हात घालू नये. अंगणाला सर्वांत जवळची खोली निवडावी आणि तेवढीच नीट करावी. ओट्याला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर उंची १८ इंच झाली. एक इंच उंचीला १२ इंच लांबी हे प्रमाण धरले की १८ फूट उतार लागतो. हा आकडा ऐकून लोक हबकतात आणि सहा फुटांत उरकतात, आणि मग तो उतार फक्त स्कूटरच्या कामाचा राहतो. तुमच्या खळ्यात सरळ १८ फूट मिळत नसतील, तर मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा घेऊन काटकोनात वळवावा. रुंदी चार फूट असावी, दोन्ही कडांना दोन-तीन इंचांची कड असावी. उतार उघड्या चिऱ्याचा करू नये. पहिल्या पावसात त्यावर शेवाळ धरते. सिमेंट ओले असताना खराट्याने आडव्या रेघा ओढून ठेवाव्यात, म्हणजे चाक आणि पाय दोन्ही घसरत नाहीत.

दारांची रुंदी तीन फूट करावी आणि न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते बसवावे. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. उंबरा काढणे घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, तेव्हा मुख्य दाराचा उंबरा तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावाव्यात, मात्र न्हाणीघराचा उंबरा काढावा आणि पाणी अडवण्यासाठी फरशीला मोरीकडे ढाळ द्यावा. कमोडशेजारच्या आधाराच्या दांड्याबाबत विशेष सावध राहावे. जांभा, म्हणजे तुमच्या भिंतींचा चिरा, मऊ असतो. त्यात नुसते स्क्रू पिळले तर दोन महिन्यांत ते सैल होतात आणि ज्या दिवशी एखादी आजी सगळा भार टाकेल, त्या दिवशी दांडा हातात येतो. भिंतीत काँक्रीटचा ठोकळा भरून किंवा आरपार बोल्ट घालून दांडा बसवावा आणि पाहुणे येण्याआधी घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने त्याला लोंबकळून पाहावे.

पलंग १८ ते २० इंच उंच असावा, म्हणजे खुर्चीवरून सरकता येते. जेवणाला तुम्ही पाट मांडत असाल, तर एक टेबल असे ठेवावे की ज्याखाली खुर्चीचे हात जातील. पाहुण्याला वेगळे, कोपऱ्यात बसवू नये, त्या दिवशी सर्वांनीच टेबलावर जेवावे. वाडीतून पुळणीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या माडाच्या मुळ्या आणि नारळाची सोडणे आठवड्याला एकदा साफ करावीत.

हे सगळे होईपर्यंत ज्या ताईंना परत पाठवले, त्यांचा फोन नंबर तुमच्या वहीत असेलच. काम सुरू करण्याआधी त्यांना फोन करून खुर्चीची रुंदी विचारून घ्यावी, आणि दार बसले की टेप धरून फोटो पाठवावा.